टिपणीसांची लाल पेन्सिल

उल्हास टिपणीसांनी बर्फ पाहिला तो फ्रीजरमध्ये, मासळीबाजारात आणि लग्नाच्या हॉलवरच्या सरबतात. असा हा माणूस गेली अकरा वर्षं आखातातल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एकविसाव्या मजल्यावर बसून पार उत्तर ध्रुवाकडच्या एका बर्फाच्या रस्त्याची राखण करत होता. मला विचाराल तर चांगली करत होता. रस्ता ज्यांचा होता त्यांना ती जरा जास्तच चांगली वाटायची, एवढंच.

मी स्मिता. त्याच ऑफिसात रिपोर्ट लावून ठेवायचे, नकाशांना नंबर द्यायचे, लोकांनी हरवलेले कागद शोधून द्यायचे आणि वर त्यांचंच ऐकून घ्यायचं, हे माझं काम. टिपणीस आणि मी दोघंही इंटरनॅशनल सिटीत राहायचो, म्हणून रोज सकाळी त्यांच्या जुन्या पांढऱ्या फोर-बाय-फोरमधून आमचं कारपूल. मागच्या सीटवर तय्यब, आमच्याच ऑफिसातला लाहोरचा सर्व्हेअर, डबा मांडीवर घेऊन डुलक्या काढत. ट्रॅफिक असेल तसा पाऊण तास, कधी तास. त्या गाडीत बसून बसून मी, कोथरूडची बी.कॉम. झालेली बाई, टुंड्रावर बोलायला लागले.

तिकडे जमिनीत हातभर खाली गेलं की बारमाही गोठलेली माती लागते. हजारो वर्षांची. वर शेवाळ, गवताचे गुच्छ आणि बोटभर उंचीची झुडपं. उन्हाळ्यात तिथे ट्रक घातला तर तो चिखलात बसतो. म्हणून सगळी जड वाहतूक हिवाळ्यात करतात. जमीन दगडासारखी गोठली आणि वर वीतभर बर्फ पडला, की तो बर्फ दाबून दाबून रस्ता करायचा, तीन-चार महिने ट्रक पळवायचे आणि उन्हाळा आला की रस्ता वितळून गायब. ऐकायला फार सोयीचं वाटतं. पण टिपणीस म्हणायचे, रस्ता गायब होतो, खालची जमीन होत नाही ना. ते शेवाळ म्हणजे त्या बर्फावर घातलेली गोधडी. ती फाटली की काळी माती उन्हाने तापते, आतला बर्फ सुटतो, जमीन खचते, खचलेल्या जागी पाणी साचतं आणि ते पाणी आणखी ऊन धरून ठेवतं. चाक एकदाच जातं, खड्डा पुढे कित्येक वर्षं वाढत राहतो.

त्या रस्त्याचे उपग्रहातून काढलेले फोटो दर उन्हाळ्यात आमच्याकडे येत. बाकीचे लोक ते स्क्रीनवर बघत. टिपणीस मोठ्या कागदावर छापून घेत आणि हिरवी, पिवळी, लाल अशा तीन पेन्सिली घेऊन बसत. बरं चाललंय ते हिरवं, शंका आहे ते पिवळं, जमीन दुखावली आहे ते लाल. तो छपाईचा कागद माझ्या खात्यातून जायचा, म्हणून सुरुवातीला आमचं चांगलंच वाजलं होतं. प्रत्येक लाल खुणेसाठी त्यांचा एक तक्ता असे: काय दिसलं, कधीपासून, कारण काय, पुढची पाहणी कधी, कोण करणार. कारणाच्या रकान्यात ते कधीही 'हवामान' लिहून मोकळे झाले नाहीत. कुणी काय केलं, तेच लिहायचे.

एकेचाळिसावा किलोमीटर हा त्यांचा खास. एका वर्षी तिथे जमीन पुरती गोठायच्या नऊ दिवस आधी रस्ता उघडला होता. 'फक्त एकदाच, फक्त बारा ट्रक' असं त्या वेळच्या पत्रात होतं. ते पत्र मीच शोधून दिलं होतं, म्हणून पाठ आहे. आठ वर्षं तो तुकडा टिपणीसांच्या नकाशावर लाल राहिला. मग रस्त्याच्या मालकांनी विचारलं, आता तर तो आजूबाजूपेक्षा जास्त हिरवा दिसतोय, मग अजून लाल का. टिपणीसांनी कळवलं की ते पाण्यात वाढणारं गवत आहे, शेवाळ गेलं ते गेलंच आणि जमीन गुडघाभर खाली बसली आहे. हिरवं दिसलं म्हणजे बरं झालं असं नसतं. आमच्या मॅनेजरनी गोड बोलून पाहिलं, मग कडू बोलून पाहिलं. टिपणीसांनी चहा संपवला आणि लाल पेन्सिलीला टोक काढलं.

एवढं सोडलं तर ऑफिसात त्यांना कुणी मोजत नसे. बोलणं हळू, कपडे इस्त्रीचे, मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची. त्यांचा खरा रुबाब बघायचा तर थंडीत, पोपटीच्या दिवशी.

टिपणीस मूळचे पेणचे. तिकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी भरायची, तोंड पाल्याने बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. टिपणीसांनी ही पोपटी वाळवंटात आणली. शारजापलीकडे धैदच्या बाजूला, डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, खडीच्या सपाट माळावर एकच घाफचं झाड आहे. घाफ म्हणजे आपली शमीच. त्या झाडापासून जरा अंतरावर दर जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची पोपटी लागे. शेंगा शारजाच्या रोल्ला भागातल्या भाजीवाल्याकडून यायच्या. भांबुर्डा इथे कुठला मिळायला, म्हणून मीनाक्षीवहिनींच्या बाल्कनीतल्या कुंड्यांमधला ओव्याचा पाला. मीनाक्षीवहिनी म्हणजे टिपणीसांची बायको. लाकडं विकतची, जाळ लोखंडी पत्र्यावर, राख गोणीत भरून परत. तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी तोडायची नाही, कारण मेलेलं दिसणारं झुडूप मेलेलं नसतं, हे टिपणीस दर वर्षी नव्याने सांगत.

आणि गाड्यांची रांग. दहा, बारा, चौदा गाड्या, पुढे टिपणीस. एरवी फोनवरसुद्धा कुजबुजणारा माणूस त्या दिवशी वॉकीटॉकीवर 'यल्ला, मूव्ह' असा गरजायचा. नियम एकच: माझ्या चाकाच्या चाकोरीत तुमचं चाक. वाळवंट उगाच तुडवायचं नाही. या शिस्तीचा त्यांना भारी अभिमान होता.

या जानेवारीअखेर ते रिटायर होऊन पेणला परत जाणार होते. कुणाकडे कधी काही मागितलं नाही त्यांनी, पण या वेळी गाडीत मला म्हणाले, शेवटची पोपटी नीट झाली पाहिजे. मीनाक्षीवहिनींचे गुडघे पार गेले होते, घरातल्या घरात काठी लागायची. त्यांना त्या घाफखाली खुर्ची टाकून एकदा बसवायचं होतं. इथे आल्यावर पहिली काही वर्षं वहिनींना क्षणभर करमलं नव्हतं, रोज परत जायचं म्हणायच्या. दोन हजार सहाच्या पहिल्या पोपटीला त्या झाडाखाली बसून पोटभर रडल्या, मग पोटभर जेवल्या आणि त्यानंतर परत जायचं कधी बोलल्या नाहीत. म्हणून निरोपही तिथेच घ्यायचा होता. एवढीच त्या दोघांची इच्छा, आणि ती पुरी करायला आम्ही सगळे कंबर कसून होतो.

घोळ मी घातला. आमच्या ऑफिसात रिटायर होणाऱ्याला त्याच्या गावाचा उपग्रहातून काढलेला फोटो फ्रेम करून देतात. मी ठरवलं, पेण काय, ते आता रोजच बघणार आहेत. त्यांना घाफ द्यायचा. जुने फोटो धुंडाळून मी त्या माळाचे पाच निवडले, दोन हजार पाचपासून आत्तापर्यंतचे, ओळीने एका फ्रेममध्ये. स्वतःवर इतकी खूश होते की काय सांगू. पण मी नकाशांचे नंबर बघणारी बाई, नकाशा बघायची मला सवय नाही. झाड पाचही फोटोंत दिसतंय ना, तेवढं तपासलं आणि काच लावून घेतली.

गुरुवारी दुपारी केक कापला. टिपणीसांनी कागद सोडला, झाड ओळखलं आणि चेहरा असा उजळला की तय्यबने माझी पाठ थोपटली. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फ्रेम डोळ्यांजवळ नेली. पहिला फोटो, दुसरा, तिसरा. हसू होतं तसंच राहिलं, पण त्यातला माणूस निघून गेला. डावा हात आपोआप खिशाकडे गेला. लाल पेन्सिल बाहेर आली आणि शेवटच्या फोटोवर टेकली. काचेवर पेन्सिल उमटत नाही. दोनदा घसरली. सगळ्यांना वाटलं, भरून आलंय त्यांना, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना गाडीत त्यांनी सगळं सांगितलं, समोरच्या ट्रकवरची नजर न काढता. पहिल्या फोटोत माळ कोरा होता. दुसऱ्यात डांबरी रस्त्यापासून झाडापर्यंत एक दोरा. तिसऱ्यात तीन दोरे. शेवटच्यात जाडजूड वेणी, आणि झाडाभोवती घराच्या अंगणाएवढं टक्कल.

"पहिल्या वर्षी आदल्या दिवशी पाऊस झाला होता," ते म्हणाले. "जमीन ओली होती. गाडी नेली मी. रुतली, ढकलून काढली, खोल चर पडला. वाटलं, वाळवंटच आहे, याला काय होतंय. त्या खडीखाली पापुद्रा असतो गं, स्मिता. तो मोडला, ओल्यातच दाबला गेला, वाळून सिमेंट झाला. आता त्यात पाणी मुरत नाही, बी धरत नाही. पुढच्या वर्षी पाऊस झाला की चरात पाणी, म्हणून मागची एखादी गाडी बाजूने जायची. एकेचाळीस नंबर आहे तो. मी तिकडचा बघत बसलो."

तय्यब जागा होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. "टिपणीस भाई, आपको क्या पता था," तो म्हणाला. टिपणीस म्हणाले, मालूम करना तो मेरा काम था. मला त्या फ्रेमचा आणि माझ्या हुशारीचा असा राग आला होता की डोळ्यांतून पाणीच आलं.

पंधरवड्यापूर्वी धैदकडे एक सर येऊन गेली होती. त्याच गुरुवारी रात्री दुसरी आली, चांगली जोरात.

शनिवारी पेट्रोल पंपावर चौदा गाड्या जमल्या. मला वाटलं होतं टिपणीस पोपटी रद्द करतील, पण ते आले होते, पुढच्या सीटवर वहिनी, नवी साडी, मांडीवर ओव्याच्या पाल्याची पिशवी. वॉकीटॉकीवर मात्र यल्ला नाही की काही नाही. माळाच्या तोंडाशी आम्ही पोचलो, डांबरी रस्ता सोडायची वेळ आली आणि टिपणीसांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. उतरले. तंबूची लोखंडी खुंटी काढून चार पावलं आत गेले आणि ती जमिनीत दाबली. उत्तर ध्रुवाकडचे लोक जमीन किती सुटली आहे ते असंच सळई खुपसून बघतात, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. खुंटी लोण्यात सुरी जावी तशी आत गेली.

"खलास," ते म्हणाले. "गाड्या इथेच राहतील. ज्यांना यायचं त्यांनी चालत, जुन्या चाकोरीतूनच."

मग जी कुरकुर सुरू झाली ती झालीच. मडकी होती, लाकडाच्या गोण्या होत्या, पाण्याचे कॅन होते, पोरं होती. आमच्या मंडळाचा सेक्रेटरी रणजित, ज्याची गाडी सगळ्यांत मोठी आणि वाळूत उतरवायची हौसही सगळ्यांत मोठी, तो पुढे झाला. समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, लास्ट टाइम आहे तुमचा. आज फक्त एकदा जाऊ. नेक्स्ट इयरपासून आपण सगळे चालत जाऊ, प्रॉमिस."

"तिकडेही एकदाच म्हणाले होते," टिपणीस म्हणाले. रणजितला काही कळलं नाही. मला कळलं. त्याची सात वर्षांची मुलगी मुग्धा माळाकडे बघून म्हणाली, "बट देअर इज नथिंग देअर, अंकल. इट्स जस्ट सँड."

आता सगळे पांढऱ्या गाडीकडे बघत होते. दीड किलोमीटर वहिनी चालू शकत नाहीत हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. टिपणीस त्यांच्या खिडकीशी गेले. मी मागचं दार उघडून मडकं काढत होते, ऐकू नये असं वाटत होतं आणि सगळं ऐकू येत होतं.

"मीनाक्षी, गाडी नाही नेता येणार."

"आणि मी?"

"तू आणि मी इथेच थांबू."

वहिनींनी त्या झाडाकडे पाहिलं. इथून ते अंगठ्याएवढं दिसत होतं. मग त्यांचा आवाज आला, अगदी सपाट. "एकोणीस वर्षं नेलीत गाडी. माझ्या वेळेलाच जमीन आठवली तुम्हाला?"

 टिपणीस दाराला धरून उभे राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मीच म्हणणार होते, जाऊ द्या हो, न्या गाडी, बारा ट्रक नाहीत की काही नाही, एक म्हातारी बाई आहे. रणजितने चौघांनी खुर्ची उचलून न्यायची सूचना केली, मनापासून केली. वहिनी त्याच्यावर कडाडल्या, मिरवणूक काढायला मी काय गणपती आहे का. मग त्यांनी पाल्याची पिशवी खिडकीतून माझ्या हातात दिली. "जा. शेंगा वाळतील," म्हणाल्या, आणि काच वर केली.

आम्ही चालत निघालो. चाकोरीत ठिकठिकाणी पाणी, बुटांना चिखल, रणजितच्या डोक्यावर मडकं आणि तोंडात हिंदी शिव्या. एकोणीस वर्षांतल्या माझ्या तेरा पोपट्या, आणि मी ही जमीन खाली बघून चालत पहिल्यांदाच ओलांडत होते. चाकांच्या पट्ट्यांच्या मधे आणि बाहेर, खडीच्या फटीफटीतून हिरवं आलं होतं. काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं एकेक, दोन-दोन पानांचं, असं दूरपर्यंत. गाडीतून हे दिसणं शक्यच नव्हतं. पहिल्या सरीने उगवलेलं असणार. आणि आम्ही चालत होतो तो चाकोरीचा पट्टा घोटलेल्या शेणासारखा गुळगुळीत, एक हिरवा ठिपका नाही. मुग्धा माझ्या पुढे होती. ती वाकली, उकिडवी बसली आणि उठून एकदम बापाला ओरडली, "बाबा, डोंट स्टेप देअर."

जाळ झाला, मडकी उतरली. पोपटी उत्तम लागली होती आणि कुणाला धड खाववत नव्हती. तय्यब म्हणाला, एक मटका गरम गरम वापस ले चलते हैं. त्याने एक जाड गोणपाटात गुंडाळून छातीशी धरलं आणि आम्ही दोघं परत निघालो. वाटेत मी ठरवून टाकलं, टिपणीसांनी विचारलंच तर सांगायचं, चाकोरीतही उगवतंय थोडं थोडं. माणूस चालला आहे परत. जाऊ दे त्याला सुखाने.

डांबरी रस्त्याच्या कडेला दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या, हातभर अंतराने. दोघंही झाडाकडे तोंड करून, मधे थर्मास.

"चाकोरीत काही आलंय?" टिपणीसांनी लगेच विचारलं.

त्यांच्या डोळ्यांत बघून मला खोटं बोलता आलं नाही. "नाही," मी म्हटलं. "मधे आहे. बाहेर आहे. सगळीकडे आहे, हे एवढं एवढं. चाकोरीत एकही नाही."

त्यांनी मान हलवली, रिपोर्ट वाचल्यासारखी. मग उठून गाडीतून माझी फ्रेम आणली आणि पालथी करून माझ्या हातात दिली. पाठीवर त्यांचा तक्ता चिकटवलेला होता, तोच, ऑफिसातला. मी मोठ्याने वाचला. काय दिसलं: चाकोरी दीड किलोमीटर, झाडाभोवती टक्कल. कधीपासून: जानेवारी दोन हजार सहा. कारण: पावसाच्या दुसऱ्या दिवशी गाडी नेली, उल्हास टिपणीस. पुढची पाहणी: दर जानेवारीला. कोण करणार: स्मिता, पायी. मला न विचारता.

"परत वाचा," वहिनी म्हणाल्या. "कारण."

मी परत वाचलं.

"बघू," असं म्हणून त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली आणि नवऱ्यापुढे हात पसरला. त्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढून दिली. "हे म्हणाले होते त्या दिवशी, दोन दिवस थांबू, ऊन पडू दे," वहिनी मला सांगत होत्या, बघत होत्या कागदाकडे. "मी ऐकलं नाही. म्हटलं, दोन दिवसांनी ओल्या मातीचा वास राहील का. आत्ता नेलंत तर न्या, नाहीतर मला मुंबईचं तिकीट काढून द्या. इतकी वर्षं हे कुणाला बोलले नाहीत. मी तरी कुठे बोलले."

'उल्हास टिपणीस' याच्यापुढे त्यांनी लिहिलं, 'व मीनाक्षी'. पाठीवरच्या कागदावर पेन्सिल छान उमटली. टिपणीसांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, चारचौघांत त्यांनी असं केलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

तय्यबने मडकं उघडलं. वहिनींनी राखेतून काढल्यासारखं गरम अंडं फुंकर मारत सोललं, दोन तुकडे केले, मोठा टिपणीसांना दिला आणि म्हणाल्या, मीठ जरा कमी आहे.